बेटांवरचा एक दिवस: बोट ठरवण्यापासून मास्क धुण्यापर्यंत

धक्क्याजवळच्या फलकावर ‘एका दिवसात सात बेटं’ असं लिहिलेलं असलं की गर्दी तिकडेच वळते. मीही एकदा वळले होते, स्नॉर्कलिंगसाठी, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे आणि पोवळी बघायला. संध्याकाळी परतताना आठवत होतं ते एवढंच: शिडी, टॉवेल, शिडी, टॉवेल. मासे पाहिले होते, पण कुठल्या बेटापाशी कुठले ते सांगता येईना.

तेव्हापासून मी आधी कागदावर हिशेब मांडते. सकाळी आठ ते दुपारी चार म्हणजे आठ तास. पाच थांबे घेतले तर प्रवासात साधारण अडीच तास जातात, जेवणाला एक. उरले साडेचार तास, म्हणजे दर थांब्याला ५४ मिनिटं. वीस माणसांनी फिन्स (पायांत घालायचे पोहण्याचे पंख) चढवायचे, एकेक करून उतरायचं, मग एकाच शिडीने परत वर यायचं, यात पंचवीस मिनिटं कुठे जातात ते कळत नाही. हाती राहिली २९ मिनिटं. आता थांबे तीनच ठेवा. प्रवास दोन तास, जेवण एक, उरले पाच तास, म्हणजे दर थांब्याला १०० मिनिटं. पंचवीस वजा केली तरी सव्वा तास पाण्यात. समुद्राच्या पाण्यात डोळा सरावायलाच दहा मिनिटं लागतात, म्हणून हा फरक फार मोठा आहे. पुढचं सगळं तीन थांब्यांचा दिवस गृहीत धरून लिहिलं आहे.

तारीख ठरवताना

आधी हंगाम. उष्ण कटिबंधात पाणी बारमाही कोमट असतं, पण समुद्र बारमाही शांत नसतो. थायलंडची सिमिलन बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंदच असतात, कारण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात तिथला समुद्र उसळलेला असतो. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर साधारण नोव्हेंबर ते मे या काळात विषारी बॉक्स जेलीफिशचा वावर असतो आणि लोक अंगभर सूट घालून पाण्यात उतरतात. जिथे जाणार तिथलं वाऱ्याचं आणि जेलीफिशचं वेळापत्रक हॉटेलच्या फोटोंच्या आधी बघा.

मग तिथी. हे बहुतेक प्रवासी बघत नाहीत. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, प्रवाह जोरात असतो आणि तळाची रेती ढवळली गेल्याने पाणी गढूळ होतं. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा सगळंच सौम्य. तारीख आपल्या हातात असेल तर अष्टमीच्या मागे-पुढे जा.

दिवसाच्या आतही भरतीची वेळ महत्त्वाची. बऱ्याच किनाऱ्यांवर भरती आणि ओहोटीत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असतं आणि रोज भरती सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. काही समुद्रांत मात्र दिवसाकाठी एकच भरती असते, म्हणून तक्ता त्याच ठिकाणचा बघायचा. स्नॉर्कलिंगला सर्वांत चांगला वेळ म्हणजे भरती पूर्ण होऊन पाणी थबकतं तो. बाहेरचं स्वच्छ पाणी आत आलेलं असतं, ओढ कमी असते आणि प्रवाळखडकावर पोट न घासता तरंगता येईल इतकी खोली असते. ऐन ओहोटीला काही खडकांवर गुडघाभर पाणी उरतं. तिथे पोहणं म्हणजे पोवळ्यांवरून रांगणं.

ऊन चढलं की वारा सुटतो, लाटा बारीक पण टोकदार होतात, आणि दुपारनंतर पावसाळी ढग जमू शकतात. म्हणून सर्वांत चांगली जागा सर्वांत आधी, हा क्रम धरा. बहुतेक बोटी नेमक्या उलट करतात, ‘खास’ जागा शेवटी ठेवतात. विचारून क्रम बदलता आला तर बघा. छोट्या बोटीत बरेचदा जमतं.

बोट निवडताना विचारायचे प्रश्न

लाकडी लांब शेपटाच्या इंजिनाची होडी, दोन्ही बाजूंना बांबू बांधलेली फिलिपिनी बांका, स्पीडबोट, जुळ्या सांगाड्याची कॅटॅमरान, यातली कुठलीही चालते. स्पीडबोट लवकर पोचवते, पण लाटांवर आपटते. पाठीचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ती टाळावी. बसायचंच झालं तर पुढे बसू नये, कारण सर्वांत जास्त उसळी पुढच्या टोकाला बसते.

बोटीच्या जातीपेक्षा मी चार गोष्टी विचारते. एकूण माणसं किती घेणार? प्रत्येकाच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, मुलांचं वेगळं आहे का? लोक पाण्यात असताना बोटीवर सुकाणू सांभाळायला कोणी थांबतं का, की सगळेच फोटो काढायला उड्या मारतात? आणि माणसं कोण मोजतं, कशी मोजतं?

शेवटचा प्रश्न विचारला की काही जण हसतात. जानेवारी १९९८ मध्ये ग्रेट बॅरियर रीफवर गेलेली एक डायव्हिंगची बोट दोन पर्यटकांना समुद्रातच सोडून परतली. मोजणीत चूक झाली होती. दोघं राहिल्याचं दोन दिवसांनी लक्षात आलं, तेही बोटीवर त्यांची पिशवी सापडली म्हणून. ती माणसं मिळाली नाहीत. प्रत्येक थांब्यावर, इंजिन सुरू होण्याआधी, नावं घेऊन मोजणी करणारी बोट ही चांगली बोट. कोणी मोजत नसेल तर आपल्या गटाची मोजणी आपणच करायची, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सहज नजर टाकून कळणाऱ्या गोष्टीही आहेत. शिडी पाण्यात पुरेशी खोल जाते का? मोबाइलला रेंज नसेल तर संपर्काला रेडिओ आहे का? समुद्री रेडिओवर १६ नंबरचा चॅनेल जगभर संकटकाळासाठी राखलेला असतो. आणि बोट नांगर टाकते की बोयाला बांधते? नांगर पोवळ्यावर पडला की एका क्षणात कित्येक वर्षांची वाढ मोडते. जिथे तरंगते बोये लावले आहेत तिथे बोट त्यांनाच बांधली गेली पाहिजे.

मास्क स्वतःचा, बाकी भाड्याचं चालेल

एकच वस्तू विकत घेणार असाल तर मास्क घ्या. भाड्याच्या पेटीतला मास्क कुणाच्या तरी चेहऱ्याला बसत असतो, आपल्या बसेलच असं नाही.

पारख सोपी आहे. पट्टा मागे न लावता मास्क चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा, हात सोडा. श्वास धरून ठेवलात तोवर मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. घसरला तर कितीही महाग असो, परत ठेवा. सिलिकॉनच्या कडेखाली एक केस जरी अडकला तरी तिथून पाणी झिरपतं. मिशीतूनही झिरपतं. उपाय म्हणजे नाकाखालची बारीकशी पट्टी साफ करणं. माझ्या नवऱ्याने मिशी राखली, मास्क गळू दिला आणि दर दहा मिनिटांनी डोकं वर काढून समुद्राला दोष दिला.

पट्टा घट्ट आवळला की पाणी येणार नाही असं वाटतं, पण आवळल्याने कड वाकडी होते आणि जास्तच गळतं. पट्टा सैलसर हवा आणि डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर हवा.

नव्या मास्कच्या काचेवर आतून कारखान्यातला पातळ थर असतो. साधी टूथपेस्ट बोटाने आतून चोळून दोन-तीनदा धुवा, नाहीतर कितीही थुंका, धुकं जात नाही. थुंकणं हाही खराच उपाय आहे: कोरड्या काचेला आतून थुंकी लावायची, पसरवायची, एकदा हलकं विसळायचं आणि लगेच घालायचा. लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंबही तेच काम करतो. एकदा घातला की सारखा काढू नका.

अख्खा चेहरा झाकणारा मास्क मी घेत नाही आणि घ्या असं सांगतही नाही. पाणी शिरलं तर साधी नळी तोंडातून थुंकून टाकता येते. तो मास्क पट्ट्यांसकट ओढून काढावा लागतो, आणि घाबरलेल्या माणसाला नेमकं तेच सुचत नाही.

साध्या नळीची लांबीही मुद्दाम ठरवलेली असते, साधारण हातभर. लांब नळी लावून खोल जाता येईल असं मुलांना वाटतं. येत नाही. एकतर पाण्याचा दाब छातीवर बसतो, आणि दुसरं म्हणजे सोडलेली हवा नळीतच राहून तीच पुन्हा आत येते. म्हणूनच नळीतून भराभर, उथळ श्वास घेतला की दम लागतो. हळू आणि खोल श्वास घ्यायचा. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्यायचा.

आदल्या दिवशी, कमरेएवढ्या पाण्यात

पहिल्यांदा करणाऱ्याने सगळं बोटीवर शिकायचं ठरवू नये. आदल्या दिवशी तलावात नाहीतर शांत किनाऱ्यावर, उभं राहता येईल अशा पाण्यात, अर्धा तास काढा.

पहिली पायरी: उभ्याउभ्या चेहरा पाण्यात घालून नळीतून पन्नास श्वास मोजा. सुरुवातीला मेंदू बंड करतो, नाक पाण्याखाली असताना श्वास घ्यायचा हे त्याला पटत नाही. पंचवीस श्वासांच्या पुढे तो गप्प होतो. दुसरी: मुद्दाम नळीत पाणी घ्या आणि मेणबत्ती विझवावी तसा एकच जोरदार फुंकर मारा. पाणी वरून उडून जातं. त्यानंतरचा पहिला श्वास अगदी हळू घ्यायचा, थेंबभर राहिलं असलं तर घशात जाऊ नये म्हणून. तिसरी: मास्कमध्ये थोडं पाणी घ्या, वरची कड कपाळाशी दाबा, मान किंचित वर करा आणि नाकाने हवा सोडा. पाणी खालून निघून जातं. हे तीन प्रकार हाताखालचे झाले की समुद्रात घाबरण्यासारखं फारसं उरत नाही.

फिन्सचा पाय मांडीपासून हलवायचा. गुडघे दुमडून सायकल चालवल्यासारखे मारले तर पाणी उडतं, आपण जागचे हलत नाही. फिन्स घालून चालायचं तर उलटं, मागे मागे. पिंढरीत गोळा आला तर फिनचं टोक हाताने धरून आपल्याकडे ओढा, पाय सरळ ठेवा. मिनिटभरात सुटतो.

हृदयविकार, दमा, फिट्स यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारून जा. पाण्यात तरंगताना हातापायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावर जास्तीचा ताण येतो. निवांत दिसणाऱ्या या खेळात साठीपुढच्यांनी उगाच दम लागेपर्यंत पोहू नये.

पिशवीत काय

लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट ही पहिली वस्तू. पालथं तरंगणाऱ्या माणसाची पाठ, मान आणि गुडघ्यांच्या मागचा भाग तासन्‌तास उन्हात असतो आणि पाणी गार लागत असल्याने भाजतंय हे कळतच नाही. कपड्याने झाकलं तितकं सनस्क्रीन कमी लागतं, आणि ते सोयीचं आहे, कारण सनस्क्रीनचेही नियम झाले आहेत. पलाऊने १ जानेवारी २०२० पासून काही रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली. हवाईत १ जानेवारी २०२१ पासून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेली सनस्क्रीन दुकानात साध्या खरेदीला मिळत नाहीत. थायलंडच्या सागरी राष्ट्रीय उद्यानांतही २०२१ पासून अशी बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं, पांढरा थर दिसणारं सनस्क्रीन घ्या, उतरण्याच्या वीसेक मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा. पायांचे तळवे सोडून वरचा भाग आणि केसांतला भांग विसरू नका. मला हे दोन्ही विसरून कळलं.

बाकी: पिण्याचं पाणी भरपूर, टॉवेल, कोरडा शर्ट, टोपी, रबरी तळव्याच्या चपला, बोट लागण्याची गोळी, छोटी मलमपट्टी, व्हिनेगरची लहान बाटली. हे सगळं तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या पाणीरोधक पिशवीत. तोंडाला तीन वळसे हवेत, एकाने भागत नाही. मोबाइलच्या प्लॅस्टिक पाकिटात पहिल्यांदा मोबाइल घालू नका. कोरडा टिश्यू पेपर घालून बादलीत अर्धा तास बुडवा. टिश्यू कोरडा निघाला तर मोबाइलची पाळी.

बोट लागू नये म्हणून

कुणाला गाडी लागते, कुणाला बोट. आतला कान सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांना समोरचा बाक स्थिर दिसतो, आणि या भांडणात पोट मध्ये पडतं. गोळी घ्यायची तर बोट सुटण्याच्या तासभर आधी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बहुधा बाहेरच येते. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून पहिल्यांदा घेणार असाल तर आदल्या एखाद्या दिवशी घरी घेऊन बघा, आणि इतर औषधं चालू असतील तर विचारून घ्या.

रिकाम्या पोटी जाऊ नका आणि तुडुंब जेवूनही नका. बोटीच्या मधोमध, किंचित मागे, पण इंजिनाचा धूर येणार नाही अशा बाजूला बसा. नजर क्षितिजावर. मोबाइलमध्ये डोकं घातलंत की दहा मिनिटांत चेहरा हिरवा. एक गंमत अशी की थांबलेली बोट चालत्या बोटीपेक्षा जास्त डोलते, त्यामुळे ‘बोट थांबली की बरं वाटेल’ हा हिशेब चुकतो. थांबल्या थांबल्या पाण्यात उतरणारे पहिले व्हा.

पाण्यात उतरताना

इंजिन पूर्ण बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही उतरायचं नाही. पंखा फिरत असताना मागच्या शिडीजवळ जाणं हा या सगळ्या दिवसातला सर्वांत मोठा धोका आहे, शार्कपेक्षा कितीतरी मोठा.

मास्क आणि नळी तोंडावर लावून, फिन्स बोटीच्या कडेवर बसूनच चढवा. उडी मारण्यापेक्षा शिडीने किंवा कडेवरून घसरत उतरा. उडीने मास्क निघतो आणि खाली किती पाणी आहे ते आपल्याला माहीत नसतं. उतरल्यावर लगेच पोहत सुटू नका. बोटीची दोरी धरून, चेहरा पाण्यात घालून दहा-पंधरा श्वास नुसते घ्या. श्वास संथ झाला की मगच हात सोडा.

जोडीने जायचं. दर काही मिनिटांनी डोकं वर काढून बोट कुठे आहे, जोडीदार कुठे आहे, हे बघायचं. हाताची खूण आधी ठरवा: डोक्यावर हात टेकवून कोपराचा गोल केला म्हणजे सगळं ठीक. हात उंच करून हलवला म्हणजे मदत हवी. म्हणून बोटीवरच्या मावशींना पाण्यातून प्रेमाने टाटा करू नका, कोणीतरी खरंच उडी मारेल. मास्क कपाळावर चढवून बोलत उभं राहायची सवयही सोडा. एक लाट पुरते, मास्क तळाला जातो. बोलायचं असेल तेव्हा गळ्यात ओढून घ्या.

आणि पाण्याला ओढ कुठली हे बघायचं. नांगरलेली बोट वारा नाहीतर प्रवाह येतो त्या दिशेला तोंड करून उभी असते, हा पहिला इशारा. दुसरा: मिनिटभर हातपाय न हलवता तरंगा आणि खालच्या एखाद्या पोवळ्याकडे बघा. ते किती सरकतं, कुठे सरकतं, तेवढी ओढ. सुरुवात नेहमी ओढीच्या विरुद्ध करायची, म्हणजे दमल्यावर पाणीच परत आणून सोडतं.

मी एकदा उलट केलं. बोटीपासून ज्या बाजूला छान जात होतं त्या बाजूला गेले. काय सुरेख पोहतेय मी, असं वाटत होतं. वीस मिनिटांनी वळले. खाली मेंदूसारख्या घड्यांचं एक गोल पोवळं होतं, त्याच्यावर एक निळा मासा फिरत होता. मी पाय मारत राहिले. बऱ्याच वेळाने पुन्हा खाली पाहिलं तर तेच पोवळं, तोच मासा. एक नॉट वेगाचा प्रवाह म्हणजे तासाला १,८५२ मीटर, सेकंदाला अर्धा मीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हौशी माणसाची फिन्स घालून पोहण्याची गती जेमतेम तेवढीच असते. शेवटी हात वर केला, उताणी तरंगत राहिले आणि बोट येऊन घेऊन गेली. तेच करायचं असतं. प्रवाहाशी भांडायचं नाही, प्रवाहाला आडवं पोहत उथळ पाण्याकडे सरकायचं, जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा.

खाली काय बघायचं

नवखा माणूस इकडून तिकडे फिरत राहतो आणि त्याला फक्त पळणारे मासे दिसतात. एका जागी पाच मिनिटं निपचित पडून राहा. मासे आपल्याला ओंडका समजून कामाला लागतात.

आधी ऐका. पाण्याखाली सतत एक तडतड ऐकू येते, तेलात मोहरी पडावी तशी. ती चिमटा वाजवणाऱ्या बारीक कोळंबीची. मध्येच ‘कर्र’ असा जाड आवाज आला तर जवळपास पोपटमासा आहे. त्याचे दात चोचीसारखे जुळलेले असतात. त्याने तो खडकावरचं शेवाळ खरवडतो, दगड गिळतो, दळतो आणि मागून पांढरी रेती सोडतो. थांबून बघितलंत तर रेतीचा तो धूर सोडतानाही दिसतो. ज्या पांढऱ्या किनाऱ्यावर दुपारी जेवायला बसणार, त्यातली बरीच रेती अशीच आलेली असते.

एखाद्या खडकापाशी मोठे मासे तोंड उघडून, रांग लावल्यासारखे थबकलेले दिसले तर तिथे सफाईचं दुकान आहे. बोटाएवढा निळ्या पट्ट्यांचा मासा त्यांच्या तोंडात, कल्ल्यांत शिरून परजीवी वेचून खातो. क्लाऊनफिश हा मासा मात्र आपलं समुद्रफूल, म्हणजे खडकाला चिकटलेला फुलासारखा प्राणी, सोडून लांब जात नाही. फार जवळ गेलात तर चार इंचांचा तो जीव अंगावर येतो. रेतीत अर्धवट रुतलेला, निळ्या-हिरव्या ओठांचा मोठा शिंपला दिसला तर वर सावली पाडून बघा, तो मिटतो. सर्वांत मोठ्या जातीचा शिंपला २०० किलोंच्या पुढे जाऊ शकतो.

रंगांच्या बाबतीत आपली चंगळ असते. पाणी लाल रंग आधी शोषून घेतं. पाचेक मीटर खाली गेलं की लाल मासा मळकट दिसू लागतो. वरच्या दोन-तीन मीटरांत सगळे रंग शाबूत असतात. खोल जाणारा डायव्हर टॉर्च लावून जे बघतो ते आपण फुकट बघतो. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, त्यालाही ऊन लागतं, म्हणून बहरलेला खडकही उथळ पाण्यातच असतो.

पाणी जास्त तापलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरंफटक पडतं. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या संस्थेने जगभरचं चौथं मोठं विरंजन, म्हणजे प्रवाळाचं असं पांढरं पडणं, जाहीर केलं. त्यामुळे पांढरी पोवळी दिसली तर ‘किती स्वच्छ’ म्हणू नका. ती उपाशी आहेत.

हात आवरा

फांद्यांची पोवळी जोमात असली तर वर्षाला दहाएक सेंटिमीटर वाढतात, गोल दगडी पोवळी जेमतेम एक सेंटिमीटर. त्यांच्यावर उभं राहणं सोडाच, फिनचं टोकही लागू देऊ नका. मास्क सारखा करायला माणूस पाण्यात उभा होतो आणि पाय मारत राहतो, तेव्हाच सर्वांत जास्त मोडतोड होते. उताणं होऊन करा.

माशांना पाव टाकू नका, बोटवाल्याने दिला तरी. पावाला चटावलेले मासे खडकावरचं शेवाळ खायचं सोडतात आणि पुढच्या माणसाची बोटं चावतात. कासव दिसलं तर काही मीटर बाजूने, त्याच्या वेगाने पोहा. त्याच्या डोक्यावर जाऊ नका, त्याला श्वास घ्यायला वर यायचं असतं.

सुंदर, नक्षीदार शंकूच्या आकाराचा शंख उचलू नका. त्यातली गोगलगाय विषारी काटा मारते आणि काही जातींचा डंख माणसाचा जीव घेतो. दगडासारखा दिसणारा दगडमासा काट्यांत विष बाळगून असतो, म्हणून उथळ पाण्यात चपला घालून, पाय घासत चाला. त्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवायचा आणि डॉक्टर गाठायचा. बॉक्स जेलीफिशला व्हिनेगर, निदान अर्धा मिनिट ओतत राहायचं. चोळायचं नाही, गोडं पाणी लावायचं नाही. लघवीचा उपाय विसरून जा. पोवळ्याचं खरचटणं किरकोळ दिसतं पण चिघळतं. त्याच संध्याकाळी साबणाने नीट धुवा.

टायटन ट्रिगरफिश नावाचा हातभर लांब, जाड जबड्याचा मासा रेतीत घरटं करतो तेव्हा चिडका होतो. त्याचा इलाका वर रुंद होत जाणाऱ्या शंकूसारखा असतो. म्हणजे वर पळालात तर त्याच्याच हद्दीत राहाल. आडवे पोहत बाजूला व्हा.

पोहता न येणारे आणि मुलं

पोहता येत नाही म्हणून बोटीवर बसून राहायचं कारण नाही. साध्या लाइफ जॅकेटने मान वर ढकलली जाते आणि पालथं पडून बघणं अवघड होतं, तरी ते काढू नका. त्याच्या जोडीला गोल तरंगती रिंग धरली आणि ती ओढणारा माणूस सोबत असला की चेहरा पाण्यात घालता येतो. मुलांना मुलांच्याच मापाचा मास्क द्या, दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर काढा. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब खेचतं. २८ अंशांच्या पाण्यातही तासाभराने दात वाजतात, बारीक अंगाच्या मुलांचे त्याच्या आधी. ओठ निळे दिसेपर्यंत वाट बघू नका.

ज्यांना बुडी मारता येते त्यांना एकच ताकीद: बुडीआधी भराभर श्वास घेऊन ‘हवा भरू’ नका. त्याने प्राणवायू वाढत नाही, श्वास घे असं सांगणारी शरीराची घंटा बंद पडते आणि माणूस पाण्याखालीच शुद्ध हरपतो.

दुपारचं बेट आणि परतीची वाट

जेवणाच्या थांब्यावर थोडं खा, पाणी भरपूर प्या, दारू संध्याकाळवर ठेवा. सावलीत बसा. शंख-पोवळी गोळा करून पिशवीत घालू नका, कित्येक देशांत तो गुन्हा आहे. गर्दीने एखादा किनारा किती थकतो याचं उदाहरण थायलंडची माया बे: २०१८ मध्ये बंद केली, ती २०२२ च्या जानेवारीत उघडली, तेव्हा बोटींना आत यायची मनाई होती.

शेवटचा थांबा छोटा ठेवा. दमलेलं अंग, वाढलेला वारा आणि ‘शेवटचं एकदा’ यांचं मिश्रण चांगलं नसतं. वर येताना आधी शिडी घट्ट धरा, मग फिन्स काढा, वर द्या आणि चढा. कोणी चढत असताना त्याच्या खाली थांबू नका. लाटेने शिडी उचलते आणि आपटते. मोजणी झाल्याशिवाय टॉवेल गुंडाळू नका.

परतल्यावर कानात पाणी राहिलं असेल तर डोकं कलतं करून निथळू द्या, काडी घालू नका. दुसऱ्या दिवशीच्या विमानाची काळजी नको. उड्डाणाआधी १८ तास थांबायचा नियम पाठीला हवेच्या टाक्या लावून खोल जाणाऱ्यांसाठी आहे, वरवर तरंगणाऱ्यांसाठी नाही.

मास्क, नळी, फिन्स गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, नळाखाली नुसते विसळू नका. बकलांच्या खाचांत मीठ राहिलं की पुढच्या खेपेला पट्टा ऐन वेळी सुटतो. सावलीत वाळवा. उन्हात सिलिकॉन पिवळं पडतं. आणि मास्क डबीत ठेवताना काच खाली येऊ देऊ नका, पट्टा चेपून कड वाकणार नाही इतकी जागा सोडा.